एका उंबराच्या बदल्यात दहा झाडे : हिशोब जुळतो का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

सातारा जिल्ह्यातील एका गावचे आणि नोकरीनिमित्त पुण्यात राहणारे एक वाचक लिहितात : आमच्या वडिलोपार्जित शेताच्या उत्तर बांधावर, ओढ्याच्या काठी, जुन्या दगडी विहिरीला लागून एक मोठे उंबर आहे. शेती धाकटा भाऊ पाहतो. त्याचे म्हणणे असे, की झाडामुळे दोन-तीन गुंठे ऊस खुरटतो, उंबरे आणि पाने विहिरीत पडून पाणी नासते, मुळे विहिरीच्या बांधकामात शिरली आहेत, आणि रात्री येणारी वटवाघळे शेजारच्या पेरूच्या बागेतही उतरतात म्हणून शेजाऱ्याशी कुरबुर होते. एका लाकूड व्यापाऱ्याने झाड तोडून नेण्याची तयारी दाखवली आहे. आई मात्र ऐकत नाही. ती दर गुरुवारी झाडाला पाणी घालते आणि दत्तगुरूंच्या झाडाला कुऱ्हाड लावू देणार नाही, असे म्हणते. मी स्वतः देवधर्म मानत नाही. उंबराची फळे किडकी, लाकूड बिनकामाचे. त्याच्या जागी गुलमोहर, सुबाभूळ अशी दहा झाडे लावली तर पर्यावरणाचे नुकसान होणार नाही, उलट फायदाच होईल, असे मला वाटते. आईची समजूत कशी घालावी?

उत्तर

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात कुठेही बेपर्वाई नाही. झाड तोडायचे तर त्याची भरपाई करावी, हा विचार तुम्ही आधीच केला आहे, आणि आईला न दुखावता निर्णय व्हावा अशी तुमची इच्छा आहे. पण आईची समजूत कशी घालावी या प्रश्नाकडे जाण्याआधी, ज्या गोष्टी तुम्ही ठरलेल्याच धरून चालला आहात त्यांच्याकडे थोडे थांबून पाहावे, असे मला वाटते. फळे किडकी असतात ही त्यांतली पहिली.

उंबर फोडून केंबरे उडवू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. झाकलेली गोष्ट उगाच उघडी पाडू नये, असा त्याचा अर्थ. मी मात्र तुम्हाला नेमके तेच करायला सांगणार आहे. परवा सकाळी मी आमच्या नदीकाठच्या उंबराचे एक फळ आणले. ते पुरते पिकलेले नव्हते, हिरव्या सालीवर नुकती गुलाबी छटा चढली होती. सुरीने मधोमध कापून भिंगाखाली धरले, तेव्हा आतली सगळी पोकळी शेकडो बारीक फुलांनी भिंतीसारखी मढवलेली दिसली. त्या फुलांमधून पिवळसर, बिनपंखी नर सरपटत होते आणि जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या काळपट, पंखवाल्या माद्या एकेका फुलाच्या कोशातून बाहेर पडत होत्या. काही वेळाने त्यांतली एक सुरीच्या पात्यावर चढली, तिने पंख झटकले आणि खिडकीच्या दिशेने उडाली. हीच ती केंबरे. त्यांना आपण कीड म्हणतो, पण ती नसती तर उंबराचे झाडच नसते.

आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो तो खरे तर आतल्या बाजूला वळलेला, बंद फुलोरा आहे. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो, ते याच लपलेल्या फुलांमुळे. या बंद खोलीत जायला टोकाशी एकच अरुंद वाट असते आणि त्या वाटेने आत शिरून परागीभवन करू शकणारा कीटक म्हणजे गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातले हे केंबरू. मादी आत शिरताना तिचे पंख सहसा तुटून पडतात. सोबत आणलेले पराग ती फुलांवर ठेवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी नवी पिढी तयार होते. नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडून वाट करून देतात आणि बाहेरचे जग न पाहताच संपतात. माद्या पराग गोळा करून त्या भोकातून निघतात. त्यांचे बाहेरचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असते. तेवढ्या वेळात योग्य अवस्थेतल्या फळांचे दुसरे उंबर गाठले तर पुढची पिढी, नाही तर नाही. फळ त्यानंतर लाल होते, मऊ पडते आणि पाखरांसाठी तयार होते.

आता या वेळापत्रकामुळे काय होते ते पाहा. एका झाडावरची बहुतेक फळे साधारण एकाच अवस्थेत असतात, पण निरनिराळ्या झाडांचा बहर निरनिराळ्या वेळी येतो. तसे नसते तर केंबरांना एका झाडावरून निघून जायला जागाच उरली नसती. म्हणजे परिसरात वर्षभर, आळीपाळीने, कुठले ना कुठले उंबर फळलेले असावे लागते. वाऱ्याच्या आधाराने हे कीटक काही किलोमीटर सहज जातात, त्यामुळे एक झाड गेल्याने साखळी उद्याच तुटेल, असे मी म्हणणार नाही. पण उसाच्या पट्ट्यात बांधावरची झाडे आधीच किती उरली आहेत, हे तुम्ही गावी जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिलेच असेल. जिथे पन्नास उंबरे आहेत तिथले एक आणि जिथे चारच आहेत तिथले एक, यांची किंमत सारखी नसते. तुमच्या गावच्या शिवारात किती आहेत, हे मला ठाऊक नाही. भावाला आणि आईला नक्की ठाऊक असेल. आधी तो आकडा काढा.

आंबा, जांभूळ वर्षातून एकदा फळतात. उंबर वर्षातून अनेकदा फळते, ऐन उन्हाळ्यातही, जेव्हा रानात खायला फारसे काही नसते. शिवाय फळे थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लगडतात, त्यामुळे ती उडणाऱ्यालाही मिळतात आणि चढणाऱ्यालाही. तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंकी, हळद्या, राखी धनेश आणि आपला राज्यपक्षी हरियाल हे सगळे या झाडाचे गिऱ्हाईक आहेत. खाली पडलेली फळे खारी, उदमांजरे, गुरे आणि शेळ्या खातात, ओढ्यात पडलेली मासे खातात. अंजीरवर्गातल्या फळांमध्ये कॅल्शियमचे प्रमाण चांगले असते, आणि अंड्याचे कवच घडवणाऱ्या मादी पाखराला त्याची गरज असते. पानांवर हबशी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. पानांवर जे फोडासारखे गोळे दिसतात तेही एका बारीक कीटकाचे घर आहे. रोग समजून त्यावर औषध फवारण्याची गरज नसते. म्हणून परिसंस्थेचा अभ्यास करणारे उंबर, वड, पिंपळ यांना कमानीच्या मधल्या दगडाची उपमा देतात : तो काढला की बाकीचे दगड जागेवर राहत नाहीत.

तुमच्या दहा झाडांकडे याच नजरेने पाहू. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. दोन्ही झाडे वाईट आहेत, असे नाही. सुबाभळीचा पाला शेळ्या आवडीने खातात आणि गुलमोहराखाली दुपार बरी जाते. पण गुलमोहराच्या कठीण शेंगेत हरियालाला खाण्याजोगे काही नाही, आणि सुबाभूळ एकदा रुजली की ओढ्याकाठी इतकी फोफावते, की तिच्याखाली दुसरे काही उभे राहणे अवघड होते. देशी रोपे लावली तरी त्यांच्या खोडावर फळांचे घोस लगडायला कित्येक वर्षे जातील. जुन्या झाडाच्या ढोलीत घरटे करणाऱ्या पिंगळ्याला ती वर्षे कुठेतरी काढावी लागतात. झाडांची मोजणी आकड्याने करण्याची सवय आपल्याला वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांनी लावली आहे. एकास दहा हा हिशोब ऐकायला उदार वाटतो, पण ज्याचे काम चालू आहे ते झाड आणि ज्याचे काम अजून सुरूच व्हायचे आहे ते रोप, हे एकाच रकान्यात मांडता येत नाहीत.

आता भावाच्या तक्रारींकडे वळतो, कारण त्या खऱ्या आहेत. पर्यावरणाविषयी लिहिणारे आमच्यासारखे लोक अनेकदा त्यांना टाळून पुढे जातात. झाडाचे कौतुक पुण्यात बसून करता येते. पान-पाचोळा उपसावा लागतो तो शेतावरच्या माणसाला.

सावलीपासून सुरुवात करू. झाड उत्तर बांधावर आहे, असे तुम्ही लिहिता. आपल्या अक्षांशावर मे ते जुलैमधले काही आठवडे सोडले तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे दुपारची सावली शेतात न पडता उत्तरेला ओढ्यावर पडते. तेव्हा ऊस खुरटण्याचे मुख्य कारण सावली नसून मुळांची ओढाताण असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याचा उपाय वेगळा आहे. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्या रेषेवर, फक्त शेताच्या बाजूने, दीड-दोन फूट खोलीचा अरुंद चर काढला की वरच्या थरातली पोषण ओढणारी मुळे तुटतात आणि झाडाची पकड मात्र शाबूत राहते. खोडाच्या जवळ चर घेऊ नये. तिथली जाड मुळे तोडली तर झाड वादळात उलट्या बाजूला कोसळू शकते, मग तो धोका विहिरीलाही आणि माणसांनाही. शेतावर झुकलेल्या खालच्या फांद्या हिवाळ्यात, घरटी नाहीत हे पाहून, उतरवाव्यात. एका वेळी एकूण विस्ताराच्या पावापेक्षा जास्त कधीही नाही. फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर येत असल्यामुळे बाहेरच्या बारीक फांद्या छाटल्याने पाखरांच्या तोंडचा घास फारसा जात नाही, ही उंबराच्या बाबतीतली मोठी सोय आहे. इतके करूनही जो पट्टा उसाला मानवणार नाही, तिथे थोडी सावली सोसणारी हळद किंवा आले लावून पाहावे, नाहीतर तिथेच गुरांची दावण आणि खताचा खड्डा करावा. छाटलेला पाला गुरे खातात आणि पडलेली उंबरेही.

नुकसान किती, हे रुपयांत मांडून पाहा. एकरी चाळीस टन ऊस धरला तर गुंठ्याला एक टन पडतो. तीन गुंठ्यांतला अर्धा ऊस गेला असे मानले तरी तो दीड टन होतो, आणि टनाला तीन हजार रुपये धरले तर वर्षाला साडेचार हजार. भाऊ प्रत्यक्ष तोडणीच्या वेळी त्या सऱ्यांचे वजन वेगळे काढू शकला तर अंदाजावर बोलण्याची गरजच उरणार नाही. ही रक्कम त्याच्यासाठी लहान नाही. पण ती एकट्या त्याने का सोसावी? शेत दोघांचे आहे आणि झाडही दोघांचे. तुम्ही दर वर्षी त्यातला अर्धा किंवा सगळा भार उचलायचे ठरवले, तर झाड राहावे असे म्हणण्याचा अधिकार तुम्हाला येईल, आणि भावालाही आपले म्हणणे कुणी ऐकले असे वाटेल. तुमच्यासारखी अनेक पत्रे माझ्याकडे येतात. त्यांत झाडाच्या निमित्ताने निघालेला वाद बहुतेक वेळा खर्च आणि कष्ट कोणाच्या वाट्याला येतात याचाच असतो.

विहिरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासून पाहा : आधी काय होते, झाड की विहीर? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालचे पाणी शोधण्यावर दकार्गल नावाचा अख्खा अध्याय लिहिला आहे आणि त्यात पाण्याची खूण सांगणाऱ्या झाडांमध्ये उंबर आहे. आपल्याकडचे पाणाडेही उंबर पाहून जागा दाखवत आले. उंबर पाणी आणते, ही समजूत मात्र बरोबर नाही. जिथे ओलावा वर असतो तिथे ते चांगले रुजते आणि त्यातले पाणी पितेही. तेव्हा झाड तोडले की विहीर आटेल, अशी भीती मी घालणार नाही. पण ओढ्याच्या काठाची माती धरून ठेवण्याचे काम त्याची मुळे करत आहेत, आणि ती कुजून गेल्यावर पावसाळ्यात काठ ढासळला तर विहिरीची तीच बाजू आधी उघडी पडेल. बांधकामात शिरलेली मुळे एखाद्या जाणत्या गवंड्याला दाखवा. बारीक मुळे कापून, सरकलेले दगड पुन्हा बसवून काम भागते का, हे तो पाहून सांगेल. पाणी नासण्यावरचा उपाय तर सोपा आहे. विहिरीवर लोखंडी चौकट करून बारीक जाळी बसवली की पाने आणि फळे दोन्ही अडतात, माणूस-जनावर आत पडण्याचा धोकाही जातो. जाळीवर साठलेले दर आठवड्याला ओढून खताच्या खड्ड्यात टाकावे लागेल, एवढे काम मात्र वाढेल.

शेजाऱ्याच्या पेरूचा प्रश्न उंबर तोडून सुटेल, याची मला खात्री वाटत नाही. वटवाघळे एका रात्रीत लांबवर फिरतात आणि पिकलेल्या पेरूचा वास त्यांना उंबराशिवायही लागतो. फळधारणेच्या दिवसांत बागेवर जाळी टाकणे किंवा फळांना पिशव्या घालणे हेच उपाय चालतात. त्यासाठी थोडी मदत तुमच्याकडून झाली तर संबंधही सुधारतील.

आणि आता आई. तुम्ही लिहिता, की तुम्ही देवधर्म मानत नाही, आणि त्यामुळे तिचे म्हणणे तुम्ही बाजूला ठेवले आहे. मी तुम्हाला श्रद्धा बाळगा असे सांगणार नाही. पण एखादा नियम ज्या कारणाने पाळला जातो ते कारण आणि त्या नियमाचे फळ, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कृष्णाकाठच्या औदुंबर आणि नृसिंहवाडी या क्षेत्रांपासून तुमच्या बांधापर्यंत उंबर राहिले, त्यात या बिनकामाच्या लाकडाचा जसा वाटा आहे तसा दत्तगुरूंच्या नावाचाही आहे. परिसंस्थांचे अभ्यासक माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हाही हेच दिसले होते, की आसपासचे जंगल गेले तिथेसुद्धा देवाच्या नावाने राखलेले रान टिकले होते. तुमच्या आईला केंबरांचे चक्र ठाऊक नसेल. पण त्या झाडावर कोणत्या महिन्यात कोणती पाखरे येतात, कोणत्या वर्षी उंबरे भरपूर आली होती, हे तिला तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तिची समजूत घालायला जाऊ नका. तिला विचारायला जा. आणि माझे हे उत्तर दाखवून भावाला गप्पही करू नका. शास्त्राचा धाक आणि देवाचा धाक, दोन्हींनी घरातले बोलणे थांबते.

झाड तोडावेच लागेल, अशीही परिस्थिती असू शकते. खोड आतून पोकळ होऊन विहिरीच्या किंवा वहिवाटेच्या बाजूला झुकले असेल, बुंध्याशी माती उकलली असेल, मोठ्या फांद्या आपोआप गळत असतील, तर जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि माणसांना धोका असेल तर निर्णय घ्यावा. त्यात अपराधी वाटून घेऊ नये. मात्र व्यापाऱ्याच्या शब्दावर कुऱ्हाड लावू नका. राज्यात वृक्षतोडीचे नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या यादीत झाडाचे नाव असो वा नसो, तालुक्याच्या वनविभाग आणि महसूल कार्यालयांत लेखी विचारणा करा आणि ओढ्याचा काठ नक्की कोणाच्या हद्दीत आहे, हेही पाहून घ्या. शहरात राहणाऱ्या वाचकांसाठी १९७५ चा वेगळा कायदा लागू होतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले जाते. उंबराचे लाकूड हलके, लवकर किडणारे. त्याचा जो भाव व्यापारी देईल तो तोडणीच्या खर्चानंतर फारसा उरत नाही, हेही आधी विचारून घ्या.

दहा झाडे लावायची तुमची इच्छा मात्र सोडू नका. ती या झाडाच्या बदली न लावता त्याच्या सोबतीला लावा, आणि त्यांत दोन-तीन तरी उंबरे असू द्या. पिकलेली फळे पाण्यात कुस्करून बी गाळून घ्यावे, चाळलेल्या मातीत विटांचा चुरा मिसळून त्यावर पसरावे आणि ओल टिकवावी. बी मोहरीपेक्षाही बारीक असते, म्हणून वरून मातीचा थर देऊ नये. याहून सोपे म्हणजे विहिरीच्या दगडांच्या फटीत किंवा जुन्या भिंतीवर पाखरांच्या विष्ठेतून उगवलेली रोपे पावसाळ्याच्या सुरुवातीला अलगद काढून पिशवीत लावावीत. ओढ्याच्या वरच्या अंगाला, विहिरीपासून आणि शेतापासून दूर, जिथे भावाची हरकत नसेल तिथे जागा निवडा. बाकीच्यांत जांभूळ, करंज, अर्जुन अशी ओढ्याकाठी मूळचीच झाडे घ्या.

गावी जाल तेव्हा एक वही घेऊन जा. शिवारातल्या प्रत्येक उंबराला एक क्रमांक द्या आणि दर महिन्याला झाडावर कच्ची फळे आहेत, पिकलेली आहेत की काहीच नाही, एवढेच लिहायला भावाच्या किंवा वाडीतल्या एखाद्या मुलाला सांगा. वर्षभराने त्या वहीत असा एखादा महिना दिसेल का, की तेव्हा फक्त तुमच्या विहिरीवरचे झाड फळले होते? व्यापाऱ्याला उत्तर देण्याआधी ते वर्ष जाऊ द्या, आणि वही भरली की मला जरूर कळवा.